कडू वेलीची कुळकथा

कॅलिफोर्नियातल्या चिको या गावी १९७६ साली केन ग्रॉसमन नावाच्या तरुणानं घरी बिअर करणाऱ्यांसाठी सामानाचं एक लहानसं दुकान टाकलं. माल्ट मिळत होता, यीस्ट मिळत होतं; घोडं अडत होतं ते हॉप्स या कडू फुलांपाशी. हौशी माणसांच्या वाट्याला तेव्हा जुने, पिवळे पडलेले, वास उडालेले हॉप्स यायचे. कुठल्या शेतातले, कोणत्या सालचे, कोणत्या वाणाचे, कशाचाच पत्ता नसे. म्हणून ग्रॉसमन गाडी काढून वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा खोऱ्यात गेला. हॉप्सची मोठी पेठ ती. तिथले अडते नव्वद किलोंच्या गाठी विकणारे. किलो-दोन किलोंच्या गिऱ्हाइकाशी व्यवहार करायची त्यांची रीत नव्हती. पण बड्या कारखान्यांना माल दाखवण्यासाठी गाठींतून कापलेले नमुने त्यांच्याकडे असत. ते नमुने त्यानं विकत घेतले आणि दुकानात आणून हौशी लोकांना विकायला ठेवले.

घरी बिअर करणं तेव्हा अमेरिकेत बेकायदा होतं. दारूबंदी १९३३ साली उठली, घरच्या वाइनला सूट मिळाली, पण बिअर त्या सुटीतून वगळली गेली. ती चूक दुरुस्त व्हायला पंचेचाळीस वर्षं लागली. जिमी कार्टर यांनी १४ ऑक्टोबर १९७८ रोजी कायद्यावर सही केली आणि १ फेब्रुवारी १९७९ पासून एका प्रौढ माणसाला वर्षाला शंभर गॅलन, म्हणजे सुमारे ३७८ लिटर बिअर स्वतःच्या घरी, स्वतःपुरती करायची मुभा मिळाली. ग्रॉसमननं पुढे १९८० मध्ये सिएरा नेवाडा नावाची छोटी ब्रुअरी काढली. तिच्या पेल एलमध्ये त्यानं ‘कॅस्केड’ हा एक वाण सढळ हातानं वापरला. पपनसाच्या सालीचा वास येणारी ती बिअर आज जगभरच्या क्राफ्ट बिअरची थोरली मानली जाते.

या घटनेकडे मी पुन्हा पुन्हा वळतो, कारण हॉप्सच्या वाणांची सगळी गोष्ट तिच्यात आहे. कारखाने हॉप्स घ्यायचे ते मुख्यतः कडवटपणासाठी, तोलून, हिशेबानं. त्या फुलाला स्वतःचा वास आहे, आणि तो वाणागणिक वेगळा आहे, याची कदर ज्यांनी केली ते बहुतेक घरच्या पातेल्यात वीस-वीस लिटर बिअर उकळणारे लोक होते. वाण घडवले शास्त्रज्ञांनी, जगवले शेतकऱ्यांनी. पण पिणाऱ्याच्या तोंडी वाणाचं नाव घातलं ते या हौशी मंडळींनी.

हॉप ही भांगेच्या कुळातली वेल. नर वेगळा, मादी वेगळी. बिअरला लागतात ती मादी वेलीची फुलं: हिरव्या पापुद्र्यांचा शंकूसारखा झुबका, अंगठ्याच्या पेराएवढा. सप्टेंबरात, काढणीच्या दिवसांत मी याकिमाला गेलो होतो. कॅस्केड पर्वतरांगेच्या पावसाच्या सावलीतलं हे खोरं. वर्षाला जेमतेम दोनशे मिलिमीटर पाऊस. पाणी सगळं डोंगरावरच्या बर्फाचं, कालव्यांनी आणलेलं. साडेपाच मीटर उंच खांबांवर तारा ताणलेल्या, तारांवरून सोडलेल्या सुतळ्यांना धरून वेली वर चढलेल्या. जोमाच्या दिवसांत ही वेल दिवसाला वीसेक सेंटिमीटर वाढते. काढणीला अख्खी वेल खालून-वरून कापतात, ट्रकमध्ये घालतात आणि शेडमधल्या यंत्रावर उलटी टांगून तिची फुलं झोडपून घेतात. फुलांत तेव्हा तीन-चतुर्थांशाहून जास्त पाणी असतं. ती भट्टीच्या जाळीवर हात-दीड हात जाडीच्या थरात पसरून खालून गरम हवा सोडतात. ओलावा दहा टक्क्यांच्या आत आला की गाठी बांधतात. त्या भट्टीच्या दारात उभं राहिलं की डोळे चुरचुरतात आणि कपड्यांना लागलेला वास दोन धुण्यांत जात नाही.

एक फूल घेऊन मधोमध उभं फाडलं. मधल्या देठाशी, पापुद्र्यांच्या बुडाला पिवळीधमक पूड दिसते. तिला ल्युप्युलिन म्हणतात. बिअरच्या दृष्टीनं सगळा जीव तिच्यात. ती तळहातावर चोळली की हात चिकट होतो, उष्णतेनं तेलं सुटतात आणि मग नाक जवळ न्यायचं. हॉप्सचे व्यापारी, ब्रुअर आणि घरी बिअर करणारे सगळे याच रीतीनं हॉप पारखतात. मायर्सीन, ह्युम्युलीन, कॅरिओफिलीन, फार्नेसीन ही त्यातली मुख्य तेलं. मायर्सीन आंब्यातही असतं. त्यामुळे काही अमेरिकी वाण चोळले की मराठी माणसाला कैरीची आठवण होते, ती उगाच नव्हे.

पुडीत तेलांखेरीज अल्फा आम्लं असतात. ती मुळात पाण्यात फारशी विरघळत नाहीत. माल्टच्या पाण्याबरोबर तासभर उकळली की त्यांची रचना बदलते, ती विरघळतात आणि तेव्हा कडवटपणा येतो. हीच आम्लं बिअर आंबट करणाऱ्या जिवाणूंना रोखतात. हॉप्स बिअर टिकवतात हे बाराव्या शतकात जर्मनीतल्या हिल्डेगार्ड या मठवासिनीनं लिहून ठेवलं आहे. तेलांचं नेमकं उलटं. ती उकळीत वाफेबरोबर निघून जातात. म्हणून कडवटपणासाठीचे हॉप्स उकळीच्या सुरुवातीला, वासासाठीचे शेवटच्या पाच-दहा मिनिटांत, आणि फारच वास हवा असेल तर बिअर आंबून थंड झाल्यावर तीन-चार दिवस नुसते भिजत घालायचे, अशी वाटणी करावी लागते.

घरी करणाऱ्याला इथे थोडं गणित करावं लागतं. वीस लिटरच्या पातेल्यात सहा टक्के अल्फा आम्लाचा कॅस्केड तीस ग्रॅम टाकला, तर त्यात १,८०० मिलिग्रॅम आम्ल आलं. तासाभराच्या उकळीत त्यातलं साधारण पाव, म्हणजे ४५० मिलिग्रॅम कामी येतं. लिटरमागे साडेबावीस मिलिग्रॅम. बिअरच्या भाषेत बावीस-तेवीस आयबीयू, म्हणजे बेताचा कडवटपणा. तेवढ्याच कडवटपणासाठी बारा टक्क्यांचा सिट्रा हा वाण पंधरा ग्रॅम पुरतो आणि तीन टक्क्यांचा साझ साठ ग्रॅम लागतो. कारखान्यांना जास्त आम्लाचे वाण का हवेसे वाटले आणि साझसारखे वाण महाग का पडतात, ते या एका हिशेबात कळतं.

साझ हा चेक प्रजासत्ताकातल्या झाटेट्स गावचा वाण. झाटेट्सचं जर्मन नाव साझ, तेच वाणाला चिकटलं. पिल्झेनमध्ये १८४२ साली योसेफ ग्रोल यानं जी सोनेरी, नितळ बिअर केली तिच्यात हाच हॉप होता, आणि आज जगात खपणाऱ्या बहुतेक फिक्या लागर बिअरचं मूळ त्या पिल्सनरमध्ये आहे. साझचा वास मोठ्यानं बोलत नाही. ओली माती, वाळलेलं गवत, किंचित मिरी. पहिल्या घोटाला काही कळत नाही. अर्धा ग्लास झाल्यावर लक्षात येतं की कडवटपणा जिभेवर रेंगाळत नाही, स्वच्छ निघून जातो. त्या प्रदेशात शेकडो वर्षं ही वेल आहे. पण शेतात वेली सरमिसळ असत. कुठे जोमदार, कुठे मरतुकड्या. कारेल ओस्वाल्ड या संशोधकानं जुन्या मळ्यांतून वेल-वेल पारखून उत्तम रोपं निवडली. त्यांतले ३१, ७२ आणि ११४ क्रमांकाचे क्लोन १९५२ मध्ये नोंदले गेले. ओस्वाल्ड त्याआधीच, १९४८ मध्ये वारले होते. आजचा साझ बव्हंशी त्यांच्या निवडीतून आला आहे. हॉपची लागवड बियांपासून करत नाहीत, जमिनीखालच्या गड्ड्यांपासून किंवा छाट कलमांपासून करतात. रत्नागिरीचा हापूस जसा कलमातूनच हापूस राहतो, तसंच हे. एक ग्लास पिल्सनर पिताना आपण ओस्वाल्डनं हेरलेल्या मोजक्या वेलींचाच वास घेत असतो.

कलमाच्या शेतीत धोकाही असतो. सगळी रोपं एकाच रक्ताची, त्यामुळे रोग आला की सगळीच आडवी होतात. बव्हेरियातला हालरटाऊ हा जगातला सर्वांत मोठा हॉप प्रदेश. केवडा रोगानं १९२० च्या दशकात तिथले मळे झोडपले आणि त्यावर उपाय शोधायला १९२६ मध्ये ह्युल इथे संशोधन संस्था उभी राहिली. पुढे मर रोगानं हालरटाऊ मित्तेलफ्र्यू या त्यांच्या लाडक्या, नाजूक वासाच्या वाणाची वाताहत केली. हा वाण अमेरिकी कारखानेही आयात करत. तो मिळेना तेव्हा त्यांनी घरचा पर्याय शोधायला सुरुवात केली.

तो पर्याय ओरेगनमध्ये सरकारी प्रक्षेत्रावर पडून होता. अमेरिकेच्या कृषी खात्यानं १९५६ साली गोळा केलेल्या बियांतून वाढलेलं एक रोप, क्रमांक ५६०१३. आईकडून इंग्लंडचा फगल, आणखी मागे रशियन सेरेब्रियांका. केवड्याला दाद न देणारं, म्हणून जपलेलं. कूर्स या मोठ्या कंपनीनं त्यात रस घेतला आणि १९७२ मध्ये ते ‘कॅस्केड’ नावानं प्रसारित झालं. युरोपी हॉपची जागा घेण्यासाठी आणलेला हा वाण युरोपी हॉपसारखा मुळीच नव्हता. त्याला पपनसाचा, फुलांचा, पाईनचा वास होता. शिवाय साठवणीत त्याचा कडवटपणा लवकर विरतो. कारखान्यांच्या हिशेबात तो नीट बसला नाही. आधी वाढलेली लागवड नंतर घसरली. ज्या वासामुळे कारखान्यांना तो अडचणीचा वाटला त्याच वासासाठी ग्रॉसमनसारख्यांनी त्याला उचलून धरलं. सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर ब्रुअरीनं १९७५ च्या लिबर्टी एलमध्ये तो वापरला होता, पण तो खेडोपाडी पोचला तो घरच्या पातेल्यांमधून.

अमेरिकी वास नाकारला जाण्याची ही पहिली वेळ नव्हती. इंग्लंडात केंट परगण्यातल्या वाय कॉलेजमध्ये अर्नेस्ट सॅमन हे प्राध्यापक विसाव्या शतकाच्या आरंभापासून हॉप्सचे संकर करत होते. गोल्डिंग आणि फगल हे तिथले मातब्बर वाण. मऊ, मातकट, मधाळ. मुंबई-कलकत्त्याला जहाजानं येणाऱ्या पेल एलच्या पिंपांत प्रवासाआधी जे जादा हॉप्स टाकत ते याच इंग्लिश मळ्यांतले. सॅमननी कॅनडातल्या मॅनिटोबातून एक रानटी वेल मागवली आणि १९१६ मध्ये वायला लावली. थोड्याच हिवाळ्यांत ती मेली. पण तिच्या बियांतून त्यांना असं रोप मिळालं, ज्यात इंग्लिश हॉप्सहून कितीतरी जास्त अल्फा आम्ल होतं. ते १९३४ मध्ये ‘ब्रुअर्स गोल्ड’ नावानं आलं. इंग्लिश ब्रुअरांना त्याचा कडवटपणा हवा होता, वास नको होता. काळ्या करवंदांसारख्या फळाचा, काहीसा मांजरी म्हणावा असा तो वास त्यांनी अमेरिकी म्हणून नापसंत केला. आज जगातल्या कितीतरी जादा आम्लाच्या वाणांत त्या मेलेल्या रानवेलीचं रक्त आहे. मी कुणा एका हॉप संशोधकाला नमस्कार करायचा म्हटलं तर तो सॅमनना करीन.

याकिमाहून डोंगर ओलांडला की अडीच-तीन तासांत सिएटल येतं. तिथे उपनगरात एक मूळचे सांगलीचे गृहस्थ राहतात. दिवसा सॉफ्टवेअर, शनिवारी गॅरेजमध्ये बिअर. त्यांची पद्धत मला फार आवडली. माल्टचं पाणी एकच, यीस्ट एकच; उकळून झालं की चार काचेच्या बरण्यांत वाटायचं आणि प्रत्येक बरणीत वेगळा हॉप भिजवायचा. मी पत्नीबरोबर गेलो तेव्हा साझ, ईस्ट केंट गोल्डिंग, कॅस्केड आणि सिट्रा अशा चार बाटल्या उघडायच्या होत्या. बाटल्यांवर नावं नव्हती, नुसते आकडे.

“तुम्ही आधी नाक लावा, घोट नंतर,” ते म्हणाले. “आणि वहिनींच्या आधी बोलून घ्या. त्यांनी एकदा सांगितलं की दुसऱ्याला दुसरं काही सुचत नाही.”

माझ्या पत्नीनं पहिला ग्लास हुंगून ठेवून दिला, दुसऱ्यापाशी थांबली. “ही पपनसाची साल. गणपतीत सोलतो त्या.” तो कॅस्केड होता. सिट्राला गॅरेजभर वास होता: लिची, आंबा, लिंबाची पानं, सगळं एकदम. गोल्डिंग आणि साझमध्ये मात्र आम्ही सगळेच अडखळलो. मग यजमानांनी दोन्ही ग्लास कोमट होऊ दिले. थंड बिअरमध्ये मंद वास दबून राहतात. जरा ऊब आल्यावर गोल्डिंगमधला मध वर आला आणि साझचं गवत वेगळं झालं. चारही बिअर एकाच पातेल्यातल्या. फरक फक्त लिटरमागे चारेक ग्रॅम फुलांचा.

त्यांच्या फ्रीजरचा एक कप्पा हॉप्सनी भरलेला आहे, हवा काढून सील केलेल्या चंदेरी पाकिटांनी. हवा आणि ऊब लागली की हॉप्सना शिळ्या चीजचा वास येऊ लागतो. बाटल्याही ते तपकिरीच वापरतात. उन्हाची तिरीप हॉप्सच्या आम्लावर पडली की काही मिनिटांत बिअरला घाण वास येतो, आणि हिरवी किंवा पांढरी काच त्याला अडवत नाही.

परसात कुंपणाशी त्यांनी एक वेल लावली आहे. कॅस्केडची. रोपवाटिकेतून गड्डा आणला, मातीत खोचला, दोन वर्षांत छपरापर्यंत पोचली. “सिट्रा का नाही लावलीत?” मी विचारलं. “कारण ती मिळत नाही,” ते म्हणाले. “फुलं विकत घ्या हवी तेवढी. रोप नाही.”

मला या उत्तराशी थांबावंसं वाटतं. कॅस्केड सरकारी पैशातून घडला, त्यामुळे तो कुणाचाही आहे. सिट्राचा संकर १९९० मधला, जीन प्रोबॅस्को या याकिमाच्या संशोधकाच्या हातचा. तो बाजारात यायला जवळजवळ दोन दशकं लागली. त्याच्या वंशावळीत मर रोगानं झोडपलेला हालरटाऊ मित्तेलफ्र्यू आहे आणि सॅमनचा ब्रुअर्स गोल्डही. वाण अव्वल आहे, त्यामागचे कष्टही खरे. पण तो एका खासगी कंपनीच्या मालकीचा: रोपावर पेटंट, नावावर नोंदणी. कोणत्या शेतकऱ्यानं किती एकर लावायचा ते कंपनी ठरवते. मोझेक, सॅब्रो यांचं तेच. पेटंटची मुदत वीस वर्षांत सरेल, पण नाव मात्र मालकाकडेच राहील. उद्या कुणी ती वेल लावली तरी तिला सिट्रा म्हणता येणार नाही. बियाण्याच्या हक्कावरून आपल्याकडे कापसाच्या पट्ट्यात जे झालं ते पाहिलेल्याला यातला पेच समजावून सांगावा लागत नाही. ज्या हौशी मंडळींनी वाणांना नावलौकिक दिला, त्यांच्या परसात आता नवे वाण लावता येत नाहीत, हे मला खटकतं. संशोधकाला मोबदला मिळालाच पाहिजे. पण ओरेगनसारखी सार्वजनिक संशोधनाची वाटही उघडी राहिली पाहिजे; तिथे अल्फ्रेड हॉनोल्ड यांनी कॅस्केडपाठोपाठ १९७६ मध्ये विलॅमेट दिला तो असाच, सगळ्यांसाठी.

इकडे महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर करणं १९४९ च्या दारूबंदी कायद्यानं गुन्हा आहे, त्यामुळे वरची गणितं इथल्या स्वयंपाकघरासाठी नाहीत. वाणांची चव घ्यायची तर मायक्रोब्रुअरी गाठावी. पुण्यात २००९ मध्ये डूलालीनं राज्यातली पहिली सुरू केली, तेव्हापासून फळ्यावर हॉपचं नाव वाचून बिअर मागणारे लोक इथेही दिसू लागले. वेल मात्र आपल्याकडे रुजणं अवघड. तिला उन्हाळ्यात लांबलचक दिवस मानवतो आणि हिवाळ्यात कडक थंडीची झोप. साधारण ३५ ते ५५ अक्षांशांमधली ती रहिवासी. पुण्याचा दिवस सर्वांत मोठा असतो तेव्हाही सव्वातेरा तासांचा. भारतात तिला मानवलं ते हिमाचलातलं लाहौल. तिथे १९७० च्या दशकापासून हॉप्स पिकवले गेले. पण मटार, बटाटा आणि फुलकोबीला जास्त भाव मिळू लागल्यावर शेतकरी तिकडे वळले.

झाटेट्सला २०२३ साली दोन बातम्या आल्या. युनेस्कोनं ते गाव, तिथली हॉप सुकवण्याची जुनी धुराडी आणि भोवतालचे मळे जागतिक वारशाच्या यादीत घातले. त्याच वर्षी ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये चेक संशोधकांचा सहभाग असलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याच्या अंदाजाप्रमाणे २०५० पर्यंत युरोपातल्या पारंपरिक वासाच्या हॉप्सचं उत्पादन ४ ते १८ टक्क्यांनी आणि अल्फा आम्ल २० ते ३१ टक्क्यांनी घटेल. कारण वाढती उष्णता आणि दुष्काळ. तीन टक्क्यांच्या साझमधून तिसरा हिस्सा गेला तर वरच्या हिशेबातले साठ ग्रॅम नव्वदवर जातील.

झाटेट्सच्या संशोधन संस्थेनं त्यावर काम आधीच चालू केलं आहे. साझ लेट, साझ शाइन, साझ कम्फर्ट हे साझच्याच वंशातले तिथले नवे वाण. वास जुन्याच्या जवळचा ठेवायचा आणि वेल जास्त चिवट करायची, असा प्रयत्न आहे. पिढ्यान्पिढ्या एकाच चवीवर उभे असलेले मोठे पिल्सनर कारखाने नव्या वाणाला चटकन हात लावणार नाहीत. एका घोटाचा फरकही त्यांना परवडत नाही. सांगलीचे गृहस्थ मात्र वाट पाहत आहेत. पुढच्या शनिवारी बरण्या चार नव्हे, पाच लावायच्या आणि पाचवीत साझ लेट घालायचा, असं त्यांनी ठरवलं आहे. पाकीट मागवलंय, आणि जुना साझ त्याच्या शेजारी ठेवून चाखल्याशिवाय मत देणार नाही, असं मला बजावलंय.